सिस्टरने लपवलेला आकडा

ती फिर्याद माझ्या डोक्यातून पुरती अशी कधी गेलीच नव्हती. परवा नागपुरातल्या सदर भागातल्या एका ऑफिसात खुर्चीवर बसलो असताना मात्र ती पहिल्या कागदापासून पुन्हा समोर आली. माझी मुलगी परदेशात असते. तिच्याकडे दोन महिने राहायला जायचं ठरलं, म्हणून तिकडच्या खर्चासाठी परकीय चलनाचं प्रीपेड कार्ड घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने तीन कार्डांची पत्रकं पुढे ठेवली. कुठल्यात भाव आजचा लागणार, कुठल्यात तिकडच्या एटीएमला किती कापणार, कुठल्यात एकच चलन आणि कुठल्यात चार, असं ती भराभर सांगत होती. मी तिला थांबवलं आणि विचारलं, "पाकिटात कार्डं किती असतात?"

"काही कार्डांत दोन असतात काका. एक हरवलं तर दुसरं. पण हे कोणी विचारत नाही, तुम्हाला कसं माहीत?"

"पोलिसात होतो," मी म्हणालो. हे उत्तर मी सगळीकडे देतो आणि बहुतेक ठिकाणी ते चालून जातं. खरं कारण वेगळं होतं.

तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. उत्तर नागपुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन, परीक्षा देत देत निरीक्षक झालेला माणूस मी. त्यामुळे फिर्याद ऐकताना समोरच्याचा आवाज ऐकायचा, शब्द नंतर, ही सवय हाडात मुरलेली. एका सोमवारी सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर आठ-दहा म्हाताऱ्या बायका आणि त्यांची मोठी मोठी मुलं एकदमच बोलत उभी होती. सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत. ठाण्यात एवढा गलका फक्त पाणी भरण्याच्या भांडणात होतो, म्हणून मी बाहेर आलो.

मामला असा होता. वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदनेला येणाऱ्या अकरा बायकांनी श्रीलंकेच्या यात्रेचं ठरवलं होतं. तिथल्या जुन्या बोधिवृक्षाचं दर्शन घ्यायचं, एवढी एकच इच्छा. कोणी शिवणकाम करून, कोणी पेन्शनमधून, कोणी पापड लाटून सात-आठ वर्षं पैसे बाजूला टाकलेले. इतवारीतल्या एका छोट्या ऑफिसातून प्रत्येकीने स्वतःच्या नावाचं कार्ड घेतलं, त्यात डॉलर भरले. आणि निघायला दीड महिना असताना अकरापैकी नऊ कार्डं रिकामी झाली होती. पैसे निघाले होते थायलंडच्या एटीएममधून. बायका मात्र सगळ्या नागपुरात, आणि कार्डंही नागपुरात.

"कार्डं कोणाकडे होती?" मी विचारलं.

एका बाईचा मुलगा म्हणाला, "सिस्टरकडे साहेब. तिनंच सगळ्याइची कार्डं जमा करून डब्यात ठेवली होती. कार्ड घ्या म्हणून बी तिनंच सांगतलं. पिन कसा ठेवायचा थे बी तिनंच शिकवलं. आन् तिचं कार्ड पाहा, जसंच्या तसं भरलेलं आहे!"

मी मागे पाहिलं. भिंतीशी, बाकाच्या टोकाला एक उंच, वाळकी म्हातारी हातात स्टीलचा डबा घेऊन बसली होती. त्या बाईला मी ओळखत होतो.

शिपाई असताना दंगलीच्या बंदोबस्तात माझ्या कपाळावर दगड बसला होता. सरकारी दवाखान्यात टाके घालताना मी ओरडलो, तेव्हा वॉर्डाच्या सिस्टरने माझी हनुवटी धरून दम दिला होता, "चूप बस गा! पोलीस आहेस का पोट्टा? बाजूले बाळंतीण निजून आहे." मग स्वतःच्या थर्मासातला चहा पाजला होता. पुढे जखमींचे जबाब घ्यायला त्या वॉर्डात कितीदा गेलो. प्रत्येक वेळी तिने मला बूट वाजवू नको म्हणून झापलं आणि प्रत्येक वेळी चहा दिला. निरीक्षक झालो तेव्हाही ती मला "काय गा शिपाई" म्हणायची, आणि मला ते आवडायचं.

त्या सकाळी ती उठली, माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "साहेब, हा डबा घ्या. पंचनामा करा."

साहेब! माझ्या आयुष्यात हा शब्द इतका कधी टोचला नव्हता.

ओळख बाजूला ठेवून मी फिर्याद नोंदवून घेतली. डब्याचा पंचनामा केला. दोरीने बांधलेली अकरा कार्डं, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर सिस्टरच्या अक्षरात नाव. दवाखान्यात औषधाच्या बाटल्यांवर लावायची तशीच. बँकेला पत्र गेलं, सगळी कार्डं बंद करवली, सायबर सेलला कळवलं. सायबरवाल्यांचं म्हणणं सरळ होतं, पिनशिवाय पैसे निघत नाहीत, तेव्हा पिन जाणणारा माणूस आतलाच. वरिष्ठांचाही फोन आला. वस्तीत वातावरण तापलं आहे, बाईला दोन दिवसांत अटक करून मोकळे व्हा.

मी सिस्टरला चौकशीला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसली होती. सिस्टरने सगळं सरळ सांगितलं. बायका म्हणत होत्या, कार्ड कायले पाहिजे, नोटा पदरात बांधून नेऊ. पण मागे एका यात्रेत एका बाईच्या कमरेची पिशवी कापली गेली होती, म्हणून सिस्टरने कार्डाचा आग्रह धरला. दोन-तीन ऑफिसांत जाऊन तिने पत्रकं आणली, चष्मा लावून वाचली, आणि पिन आपला आपण ठेवता येतो म्हणून हे कार्ड निवडलं. मग विहारात सगळ्यांना बसवून फोनवरून पिन ठेवायला शिकवलं.

"म्हणजे पिन तुमच्यासमोर ठेवले?"

"नाई साहेब. मी नंबर लावून फोन हातात देत होती. त्या एकेक जण अंगणातल्या पिंपळामागे जाऊन बटनं दाबून येत होत्या. कोणाले दाखवू नका, हे मीच बजावलं होतं."

"तुमचा स्वतःचा पिन काय होता?"

तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"सिस्टर, कार्डं बंद झाली आहेत. आता तो सांगितला तरी काही बिघडत नाही."

"नाई सांगत," ती म्हणाली. "तुमाले अटक करायची असन तर करा."

पोलिसी धंद्यात गप्प बसणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एकाला पकडलं जायची भीती असते, दुसऱ्याला लाज असते. सिस्टरच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि माझी पंचाईत तीच होती. चोरी केली नाही तर लाज कशाची? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, एवढं कशाला मनावर घेता, तर तिच्यावरच खेकसलो.

रविवारी मी साध्या कपड्यांत विहाराकडे चक्कर मारली. वंदना चालू होती. लांब सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि सिस्टर एका कडेला. तिच्या आणि पुढच्या बाईच्या मध्ये तीन माणसं बसतील एवढी सतरंजी मोकळी होती. वस्तीतल्या निम्म्या पोरांना पहिली सुई टोचणारी ती बाई. पैसे मिळाले नसते तर यात्रा हुकली असती, पण ती मोकळी सतरंजी म्हातारीने सोबत घेऊनच प्राण सोडला असता. तिथून परत येताना मी ठरवलं, अटक करीन तर पुराव्यावर, नाहीतर वरिष्ठांच्या शिव्या खाईन.

खबर आली ती अशा ठिकाणाहून, जिथे आम्ही विचारलंच नव्हतं. इतवारीतल्या त्या कार्डाच्या ऑफिसात झाडपूस करणारी एक मावशी होती. माझा हवालदार भांड्यांच्या गल्लीत चौकशी करत हिंडत होता, तेव्हा तिने त्याला बाजूला बोलावलं. "भाऊ, थ्या बायाइच्या हातात एकेकच कार्ड होतं ना? मंग पुठ्ठ्याले खाचा दोन काहून राह्यते?"

ती रद्दी विकून दोन पैसे करणारी. ऑफिसातले पुठ्ठे ती गोणीत भरून ठेवायची. हवालदाराने गोणी ठाण्यात आणली आणि टेबलावर ओतली. कार्ड ज्यात येतं ते पुठ्ठ्याचं पाकीट. प्रत्येक पाकिटात दोन खाचा. बाहेर छापलेलं, की आत दोन कार्डं आहेत, दुसरं राखीव, दोन्हींचा पिन एकच. सिस्टरने पत्रक वाचलं होतं, पण पाकीट तिच्या हाती कधी पडलंच नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने पाकिटं फोडून, "हे घ्या आजी" म्हणत एकेक कार्ड हातावर ठेवलं होतं. आणि तो बोट ठेवील तिथे बायकांनी सह्या केल्या होत्या. राखीव कार्ड चालू करण्याच्या अर्जावरसुद्धा.

त्या काउंटरवाल्याला आणलं. पस्तिशीचा, नीटनेटका, मालकाच्या विश्वासातला. अकरा पुठ्ठे त्याच्यापुढे ओळीने मांडले. घाम फुटला, पण गडी पक्का.

"राखीव कार्डं बँकेत परत पाठवली साहेब."

"रजिस्टरला नोंद?"

"राहून गेली असन."

"तुझा साळा त्याच दिवसांत थायलंडच्या टूरबरोबर गेला होता. ते पण राहून गेलं सांगायचं?"

मग त्याने त्याचा हुकमी पत्ता टाकला. "समजा साहेब, कार्ड माझ्याजवळ होतं. पण पिन? पिन त्या बायांनी विहारात ठेवले. मी तिथं नव्हतो. अकरा बायांचे अकरा पिन मले कोण सांगन? सिस्टरले विचारा ना!"

बोलण्यात दम होता. पुठ्ठ्यांवरून त्याच्यावर संशय पक्का झाला, पण सिस्टर त्याच्या जोडीला अडकत होती. वरिष्ठ म्हणाले, झालं, दोघं मिळून केलं, दोघांनाही आत घ्या.

मी एक शेवटचं काम केलं, जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दहाही बायकांना पुन्हा बोलावून एकेकीचा पुरवणी जबाब घेतला. कार्डं बंदच होती, म्हणून पिन विचारायला हरकत नव्हती. पहिली म्हातारी आत आली, दाराकडे पाहिलं, महिला हवालदाराला बाहेर जा म्हणाली. मी सांगितलं, ती राहील. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "कोणाले सांगू नका साहेब. एकोणीसशे छप्पन."

नागपूरकराला हे साल समजावून सांगावं लागत नाही. त्या साली याच शहरात दीक्षा झाली आणि या बायकांच्या घरादारांचं आयुष्य बदललं. कोणी आईच्या कडेवर बसून ते पाहिलेलं, कोणी फक्त ऐकलेलं. न विसरणारा आकडा ठेवा म्हटल्यावर दुसरा कुठला आठवणार?

दुसरी बाई आली. तिनेही दार पाहिलं. "छप्पन साल." तिसरी, "आपलं साल." चौथी आली आणि तिने तोंड उघडण्याआधी महिला हवालदाराने हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. मी पेन खाली ठेवलं. नऊ बायका, नऊ गुपितं, आणि आकडा एकच! प्रत्येक जण पिंपळामागे जाऊन, बाकीच्यांपासून लपवून, तेच साल दाबून आली होती.

दहावी बाई सगळ्यात म्हातारी, निरक्षर. "मले आकडे कुठी येते गा? दोनचं बटन सापडलं, तेच चार खेपा दाबलं."

तिचं कार्ड वाचलं होतं. मी कपाटातून बँकेचा कागद काढला. आठवडाभर तो माझ्याकडे होता आणि मी गाढवासारखा नुसता रकमा पाहत होतो. नऊ कार्डांवर पैसे निघाले, पहिल्याच प्रयत्नात. दोन कार्डांवर एकेकदा नोंद होती, चुकीचा पिन. एक या निरक्षर बाईचं, दुसरं सिस्टरचं.

सिस्टरला पिन ठाऊक असते आणि तिनेच ते पुरवले असते, तर चुकीच्या आकड्याचा प्रश्नच नव्हता. एटीएमपुढे उभ्या माणसाला कोणाचाच पिन माहीत नव्हता. त्याच्याजवळ एकच आकडा होता आणि तो त्याने अकराही कार्डांवर लावून पाहिला. ज्या गोष्टीवरून सगळी वस्ती सिस्टरला चोर म्हणत होती, तिचं कार्ड शाबूत कसं, तीच गोष्ट तिला सोडवत होती.

मी काउंटरवाल्याला पुन्हा आणलं. ओरडलो नाही, धमकी दिली नाही. एवढंच म्हणालो, "तुझ्या स्वतःच्या एटीएमचा पिन सांग."

त्याने मान खाली घातली. तोही त्याच वस्तीतला, त्याच विहारात लहानाचा मोठा झालेला. बराच वेळ तो टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. मग हुंदका फुटला. "माझा बी तोच आहे साहेब. आजीनं शिकवला होता."

कबुली झाली. राखीव कार्डं साळ्याच्या घरून जप्त झाली. काही रक्कम हाती लागली, उरलेली ऑफिसच्या मालकाने बदनामीच्या धाकाने भरून दिली. पंचवीस वर्षांच्या तपासात मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण आपल्या आजीने दिलेला आकडा आजीच्याच वयाच्या बायकांवर चालवणारा तो माणूस पाहून मला जितकी चीड आली तितकी क्वचितच आली असेल.

संध्याकाळी मी सिस्टरच्या घरी गेलो. म्हटलं, "सुटलात सिस्टर. आता तरी सांगा, गप्प का बसलात?"

ती पाटावर बसून तांदूळ निवडत होती. हात थांबला. "मले माहीत होतं गा. सगळ्या जणी तोच आकडा टाकतीन, हे मले आधीच माहीत होतं. म्हणून तर मी दुसरा टाकला. वॉर्डात चाळीस वर्षं काढली, एका चावीनं सगळी कपाटं उघडत असन तर ते कुलूप नाई, एवढं समजते मले. पण त्यायले कशी सांगू? तो आकडा टाकू नका, हे या तोंडानं कशी म्हणू? जीभच नाई उठली. आन् मंग पैसे गेले. चोरी त्यानं केली, पण दार तर मीच उघडं ठेवलं ना?"

ती रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. पण मला आणखी एक गोष्ट ऐकू आली होती. ती मला पुन्हा "गा" म्हणाली होती. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

पुढच्या रविवारी मी वर्दीत विहारात गेलो. काय झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि कोणाची चूक नव्हती तेही सांगितलं. पहिल्या दिवशी ज्याने बोट दाखवलं होतं, त्याची आई उठली आणि सिस्टरच्या पायाशी जाऊन बसली. सिस्टर म्हणाली, "ऊठ वं, गुडघे दुखते ना तुझे." त्या दिवशी सतरंजीवर मला बूड टेकायलाही जागा नव्हती.

नवीन कार्डं आली, या वेळी प्रत्येकीच्या हातात दोन-दोन. मी चांगलं अर्धा तास भाषण ठोकलं, की सगळ्यांनी वेगळा आकडा ठेवा, आणि तो कोणालाही सांगू नका. बायकांनी माना डोलावल्या, पिंपळामागे जाऊन आल्या. नंतर सिस्टरने हसत कानात सांगितलं, "सगळ्याइनं बदलला बरं का."

"कोणता ठेवला?"

"तोच. उलटा."

मी कपाळावर हात मारला. पुन्हा तास घेतला, पुन्हा पिंपळामागे रांग लागली. या खेपेला मी नुसता देवावर भरवसा ठेवून परत आलो.

निघायच्या आदल्या दिवशी सिस्टर ठाण्यात आली. बसली, चहा प्याली आणि म्हणाली, "एक काम आहे. वय झालं. तिकडं काही बरंवाईट झालं तर कार्डातले पैसे विहारापर्यंत पोचले पाहिजे. म्हणून तुले आकडा सांगून जाते. मी काही बदलला नाई, माझा जुनाच आहे."

"सिस्टर! परवाच मी घसा फोडून सांगितलं ना, कोणालाही सांगू नका म्हणून?"

"तू कोणी थोडाच आहेस गा."

तिने आकडा सांगितला. तिचे वडील कापडगिरणीत होते, त्यांच्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर. गिरणी बंद पडली, वडील गेले, बिल्ला कधीच भंगारात गेला. तो मी कुठे लिहिला नाही. जबाबात नाही, स्टेशन डायरीत नाही.

यात्रा झाली. अकराच्या अकरा जणी धडधाकट परत आल्या. सिस्टरने मला बोधिवृक्षाचं गळलेलं एक पान आणून दिलं, ते माझ्या जुन्या ओळखपत्राच्या पाकिटात आहे. तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवशी वस्ती दुतर्फा उभी होती.

त्या तपासातून काय शिकलो, असं कोणी विचारलं तर सांगतो, माणूस सगळ्यात जपून तेच लपवतो जे सगळ्यांना माहीत असतं. आणि त्यावर हसण्याचा मला तरी हक्क नाही. कारण परवा त्या काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कार्डं माझ्या हातात दिली, पानोपानी वाचून मी सह्या केल्या, आणि "काका, पिन टाका" म्हणून तिने यंत्र पुढे सरकवलं, तेव्हा माझं बोट आपोआप माझ्या शिपाईपणाच्या बक्कल नंबराकडे गेलं. सगळ्या खात्याला पाठ असलेला तो नंबर! दोन आकडे दाबूनही झाले होते.

ते मी खोडले. मुलीने मान वळवली होती, तरी मी यंत्रावर हात आडवा धरला आणि गिरणीतल्या एका माणसाच्या बिल्ल्याचा नंबर टाकला. तो आता माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही.